न फुटलेला पेला

"संग्रहालय बंद आहे, दिसत नाही का?" गेझा शिडीखालून ओरडली.

वरून एक रुंद काळी टोपी खाली वाकली. "दिसतंय ना! छप्पर मीच काढलंय."

बाई गं... गेझाचा चेहरा लालबुंद झाला! हाझेलब्रुक गावात पूर्वी माल तोलायचं जे तोलघर होतं, त्यातलं संग्रहालय तीच सांभाळायची, आणि तिथले कुजलेले वासे बदलायला आलेला हा फिरस्ता सुतार तिनं आजच पाहिला. टीलो त्याचं नाव. काळी ढगळ विजार, कानात डूल, आणि हसणं असं की समोरच्यानं रागावायचंच विसरावं. तीन वर्षं नि एक दिवस गावोगाव काम करत हिंडायचं, खिशात मोबाइल ठेवायचा नाही, आणि कुठंही तीन महिन्यांवर राहायचं नाही, हा या सुतारांचा रिवाज. तो मोडला की बिरादरीत तोंड दाखवायची सोय नाही.

हळूहळू राग विरला, आणि गेझा रोज कॉफी नि आलुबुखाराचा केक घेऊन वर चढू लागली.

"हा वासा चारशे वर्षांचा आहे, जपून हं," ती म्हणायची.

"असेल. पण तुमच्यापेक्षा कमी कुरकुरतो."

"तुमच्यापेक्षा?"

"बरं... तुझ्यापेक्षा."

तीन महिने कसे भुर्रकन उडाले, कळलंसुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी सगळं गाव चौकात जमलं. नव्या छपराच्या टोकावर उभं राहून टीलोनं घराला आशीर्वाद दिला, हातातला काचेचा पेला पिऊन रिकामा केला आणि खाली भिरकावला. पेल्याच्या ठिकऱ्या उडाल्या की घर सुखी, अशी इथली समजूत. पण पेला पडला नेमका वाळूच्या ढिगावर! साधा तडाही गेला नाही.

गेझानं धावत जाऊन तो उचलला आणि उराशी धरला.

"अरे कर्मा! माझ्या उभ्या जन्मात असं झालं नाही," म्हातारे हिनरिख मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले. "दे इकडे, फोडतो."

"ज्यानं टाकला त्यानंच फोडायचा ना, मिस्त्री?" गेझा मागं सरकली.

"मग फोड रे बाबा!" मिस्त्री वर बघत ओरडले.

"आज नको," टीलो वरून म्हणाला. "आज नेम ठीक नाही माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेझा त्याला वेशीवरच्या पाटीपर्यंत सोडायला गेली. 'थांब' म्हणायचं नाही, असं तिनं स्वतःला शंभरदा बजावलं होतं. थांबला तर त्याची नाचक्की, आणि गेला तर... परत येईल कशावरून? अशी कितीतरी गावं त्याच्या वाटेवर होती.

"नेम चुकला म्हणून वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"माझा? डोळे मिटून खिळा मारतो मी."

"मग?"

"ती वाळू तिथं कुणी टाकली असं वाटतं तुला?"

गेझा चालता चालता थबकली.

"पुऱ्या झालेल्या कामाकडं सुतार परत फिरकत नाही गं," तो हळूच म्हणाला. "काहीतरी अर्धं राहायला हवं होतं..."

"बावळट! सरळ सांगता येत नव्हतं?"

"आता सांगतो. आवडतेस तू मला. फार."

"मला पण... तू..." त्यानं टोपी काढली, तिच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि काठी टेकत चालू लागला.

आता तो पेला संग्रहालयाच्या खिडकीत असतो. कोणत्या शतकातला, असं पाहुणे विचारतात. "याच वर्षीचा," गेझा सांगते, "त्याचा माणूस यायचाय अजून."

हिनरिख मिस्त्री येता-जाता कुरकुरतात, "फोडून टाक गं पोरी, अपशकुनी आहे तो!"

"हात तर लावून बघा, मिस्त्री!"

रोज सकाळी ती तो पुसते, आणि पुसताना श्वास रोखून धरते. एक दिवस फुटायचाच आहे तो. पण तोवर... तिच्या हातून निसटता कामा नये.