बेचाळीस ग्रॅम

माझं अख्खं आयुष्य वजनात गेलं. तेहतीस वर्षं मी कौंटीच्या वजनमाप खात्यात निरीक्षक होते. खाटकांचे काटे, पबमधले ग्लास, कोळशाची पोती, सगळं तपासून झालं. पेटिग्रू खाटकाचा काटा दहा ग्रॅम जास्त दाखवायचा, म्हणून ऐन ख्रिसमसच्या आठवड्यात मी त्याला दुकान बंद ठेवायला लावलं होतं. त्याची बायको अजून मला बघून तोंड फिरवते. फिरवू दे. दहा ग्रॅम म्हणजे दहा ग्रॅम.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं. माझं डोकं अगदी ठिकाणावर आहे.

निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती बघण्यापेक्षा मी ग्लेनिसच्या दवाखान्यात जायला लागले. दवाखाना म्हणजे गावाबाहेरची जुनी डेअरी. तिथे गाडीखाली आलेले हेजहॉग, तारेत अडकलेले कोल्हे, मांजरांनी धरलेली पाखरं, जे येईल ते बरं करायचं आणि जिथून आलं तिथे परत सोडायचं. ग्लेनिस वेल्सची. आवाज खणखणीत, हात लोण्यासारखे. पहिल्याच दिवशी तिनं सकाळी सगळ्या जनावरांची वजनं घ्यायचं काम माझ्या गळ्यात घातलं. "तुला दुसरं काय येतं?" म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण मी इतकी खूश झाले की घरी जाऊन एकटीनंच केक खाल्ला.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी उकाड्यानं कहर केला. कौलांखालची घरटी तापली आणि पाकोळ्यांची पिल्लं पटापट खाली पडायला लागली. शनिवारपर्यंत आमच्याकडे आठ झाली. पाकोळीचं सगळंच आमच्या बाकीच्या पाहुण्यांपेक्षा निराळं. तिचे पाय म्हणजे नुसत्या आकड्या, जमिनीवरून तिला उडताच येत नाही. चाळीस ग्रॅम वजन झालं आणि पंख पुरे वाढले, की तिला तळहातावर ठेवायचं, हात उंच धरायचा आणि मुकाट उभं राहायचं. फेकायचं मुळीच नाही. ती स्वतः जाईल तेव्हा जाईल. आणि एकदा गेली की दोन-तीन वर्षं कुठेही टेकत नाही. झोपतेसुद्धा आकाशातच.

नववी शनिवारी दुपारी आली. चर्चच्या वाटेवर एका बाईला सापडली होती, तिनं ती बिस्किटांच्या डब्यात घालून आणली. पंख पुरे वाढलेले, डोळे काळेभोर, कुठे खरचटलेलंही नाही. मी तिला काट्यावर ठेवलं. काट्यानं शून्य दाखवलं.

मी काटा बंद करून चालू केला. शून्य. सेल बदलले. शून्य. मग घरी जाऊन माझी नोकरीतली पितळी वजनं घेऊन आले. पन्नासचं वजन ठेवलं, काटा पन्नास म्हणाला. त्याच्या शेजारी पाकोळी ठेवली. काटा पन्नासच म्हणाला.

"डाएटवर असेल," ग्लेनिस म्हणाली.

"हसू नकोस. काहीतरी चुकतंय."

"तुझंच चुकत असेल गं. तेहतीस वर्षांत एकदा तरी चुकायला नको का माणसानं?"

पण ती खात होती, आणि ते पण कसं! दिवसाला साठ-साठ रातकिडे. चोच उघडून माझ्या बोटाला अशी झोंबायची की मला हसू आवरायचं नाही. इतरांसारखीच पंख टेकून अंग वर उचलायची, उडण्याची तालीम करायची. फक्त एकच होतं. बाकीची आठ पिल्लं मऊ टॉवेलवर बसली की खाली खळगा पडायचा. हिच्या खाली टॉवेल सपाट राहायचा. मी बोट घालून बघितलं. टॉवेल गार होता.

हे मी ग्लेनिसला सांगितलं नाही. वजनांच्या तक्त्यात मात्र रोज लिहीत गेले. रविवार, शून्य. सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य.

मंगळवारी आमचा डॉक्टर फर्गस आला. तरणाताठा, लाजाळू पोरगा, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यानं तक्ता बघितला आणि हसला. मग गाडीतून स्वतःचा काटा आणला आणि पाकोळी त्यावर ठेवली. त्याचा काटाही शून्यच म्हणाला. हसू केव्हा गेलं ते त्यालाही कळलं नसावं.

"मेव्हिस, वजन नसताना मी हिला सोडायची सही कशी करू?"

"मग काय करणार?"

"पाकोळी पिंजऱ्यात जगत नाही, तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर..." तो खाली बघून पिशवी आवरायला लागला. "तिला त्रास होणार नाही. एकच सुई."

मला हे काम आवडतं ते का, ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्यांतली निम्मी वाचत नाहीत. पण जी वाचतात ती जाताना मागे वळून बघत नाहीत. बॅजर नाही, कोल्हा नाही, कुणीच नाही. उपकार नाही, निरोप नाही. गेली म्हणजे गेली. त्यासारखा आनंद मला नवऱ्यानंही दिला नाही, आणि तो बिचारा चांगला माणूस होता. म्हणून ही पण जायला हवी होती. मला दुसरं काही नको होतं.

बुधवारपर्यंत आम्ही बाकीची आठही सोडली. गावच्या क्रिकेटच्या मैदानावरून एकेक. प्रत्येक वेळी ग्लेनिस शिट्टी मारायची आणि मी टाळ्या वाजवायचे. चर्चच्या मनोऱ्याभोवती पाकोळ्यांचे थवे किंचाळत घिरट्या घालायचे, त्यात आमचं पिल्लू मिसळलं की कुठलं ते ओळखू यायचं नाही. पण थवे रोज लहान होत होते. ऑगस्ट लागला होता. आफ्रिकेला निघायची वेळ झाली होती. गुरुवारी दुपारी मी मोजल्या, अकरा उरल्या होत्या.

"अगं, लिही ना काहीतरी," ग्लेनिस म्हणाली. चहाचा कप तिच्या हातात तसाच होता. "चाळीस लिही. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"पेटिग्रूचं दुकान बंद केलंस तेव्हा कुणी मेलं नव्हतं. ही उद्या मरेल, मेव्हिस. तुझ्या त्या शून्यापायी."

तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती बाहेर गेली आणि कोल्ह्यांची भांडी दाणदाण घासायला लागली. मी पाकोळीपाशी बसून राहिले. ती तालीम करत होती. पंख टेकायची, वर उचलायची, थांबायची, पुन्हा.

मी पेन घेतलं. गुरुवारच्या रकान्यात लिहिलं, बेचाळीस ग्रॅम. आयुष्यातलं पहिलं खोटं वजन. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी उठले तर गुडघा दुखत नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. जिन्याची पायरी कुरकुरली नाही. मला वाटलं, हवा बदलली. मी गुणगुणतच दवाखान्यात गेले.

फर्गस सातलाच आला. तक्त्यातला आकडा वाचून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं पाकोळी उचलली आणि काट्यावर ठेवली.

बेचाळीस.

"अगं बाई!" ग्लेनिस ओरडली. फर्गसला मिठी मारून तिनं त्याला जागच्या जागी गोल फिरवलं. त्याचा चष्मा पडला. पंख मोडून आलेल्या एका कुरव पक्ष्यानं पिंजऱ्यातून कर्कश आरडाओरडा केला. फर्गसनं हसत हसत सही केली. त्याला वाटलं असेल, मी आदल्या दिवशी खरंच तोललं होतं. मी पण हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. काटा खरं बोलत होता आणि माझा आकडाही खरा ठरला होता, असं कसं, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

फर्गस त्याच्या कामाला गेला. आम्ही दोघी मैदानावर गेलो. दव इतकं पडलं होतं की सगळं गवत पांढरं दिसत होतं. त्यावर अजून एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ग्लेनिसच्या पायांत रबरी बूट, माझ्या पायांत जुने चामड्याचे. मनोऱ्याभोवती तीन पाकोळ्या उरल्या होत्या.

मी तिला तळहातावर ठेवलं आणि हात उंच केला.

ती बसून राहिली. पाच मिनिटं. दहा.

"जा गं," ग्लेनिस पुटपुटली. "जा, माझी राणी."

मग ती जड व्हायला लागली.

आधी वाटलं, हात भरून आला. पण तसं नव्हतं. साखरेच्या पुड्याइतकी. मग बटाट्यांच्या पिशवीइतकी. ती तेवढीच होती, पिसं न हलवता आभाळाकडे बघत होती, आणि माझा हात खाली चालला होता.

"ग्लेनिस, कोपर धर."

तिनं दोन्ही हातांनी धरलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"काय आहे हे, मेव्हिस?"

"सोडू नकोस."

पाकोळी थरथरली. सगळं अंग थरथरलं.

आणि गेली.

आधी गवताला टेकेल इतकी खाली, मग एकदम वर. ती किंचाळली. वरच्या तिघी खाली आल्या, तिच्याभोवती फिरल्या, आणि चौघी मिळून दक्षिणेकडे निघाल्या. मागे वळून न बघता. मी ओरडले, उड्या मारल्या, त्रेसष्ट वर्षांची बाई मी. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. अंग असं हलकं झालं होतं की नाचावंसं वाटत होतं, आणि मी नाचलेही. ग्लेनिसनं शिट्टी मारली. आम्ही हसत हसत परत निघालो.

निम्म्या वाटेवर ग्लेनिसचं हसू थांबलं. ती मागे राहिली. मी वळून बघितलं, तर ती गवताकडे बघत उभी होती.

"काय झालं?"

तिनं बोटानं खाली दाखवलं. मी पण बघितलं.

जाताना आमच्या दोघींच्या पावलांच्या दोन रांगा दवात उमटल्या होत्या, मैदानाच्या मधोमधपर्यंत. तिथून परत येणारी एकच होती. रबरी बुटांची.

माझ्या पायांखालचं गवत ताठ उभं होतं. त्यावरचे थेंबसुद्धा सांडले नव्हते.

कडेच्या झाडांची पानं सळसळली. ग्लेनिस धावत आली आणि तिनं माझ्या स्वेटरचा पट्टा मुठीत घट्ट धरला. बोटं पांढरी पडेपर्यंत.

"अगं, धरतेस काय अशी?" मी विचारलं. मी अजून हसतच होते.

"चल आत," ती म्हणाली. "वारा सुटलाय."