ज्यांचं नाव लिहिलं होतं

मिरजेच्या श्वासगृहात, म्हणजे यंत्रांनी माणसं जगवायच्या त्या इमारतीत, रेवती घोसाळकर दारापाशी आली की तिला ओळखून दारावरचा दिवा हिरवा होई. आजही झाला. आत अप्पा होते. तिचे वडील, जन्मभर तंबोरे घडवलेले, काही आठवड्यांपासून इथे, आणि कालपासून यंत्राच्या श्वासावर.

"थांबा रेवतीताई," मागून डॉ. शकीला मुजावर म्हणाल्या. "आत जाण्याआधी अप्पांची अट ऐकून घ्या."

आता ही अट म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. त्या काळी माणूस धडधाकट असतानाच आपल्या मरणाची अट साध्या वाक्यात लिहून ठेवी. पूर्वी संगणक ते वाक्य हुकूम समजून जसंच्या तसं पाळायचा. मग एका भाच्याने मामाच्या अटीत हळूच स्वतःचा हुकूम घुसडला आणि अख्ख्या दालनाचे श्वास बंद पडले. काय म्हणावं अशा माणसाला! तेव्हापासून मुजावरबाईंनी बनवलेला 'अटवाचक' आला. तो वाक्य पाळत नाही, फक्त तपासतो: लिहिलेलं खरं की खोटं. खरं ठरलं तर यंत्र बंद, एवढंच. त्याला मोजके शब्द कळतात, बाकीचे तो नाकारतो. आणि जे मोजलंच नाही त्याचा अंदाज बांधत नाही. यंत्र चालू ठेवतो.

अप्पांनी लिहिलं होतं: श्वास यंत्राचा असेल आणि रेवतीची ओळख शून्य असेल, तर बंद.

"ओळख मोजता कशी?"

"तुम्ही समोर उभ्या राहिलात की त्यांच्या मेंदूत लाट उठते का, ते पाहून. मागच्या वेळी जेमतेम उठली होती. आज उठेल असं वाटत नाही."

"आणि मी आत गेलेच नाही तर?"

"मग मोजणीच नाही. अट खरी ठरत नाही. अप्पा राहतील."

"कायमचे?"

"यंत्र चालेल तोवर."

रेवती दारापासून एक पाऊल मागे सरली. अप्पा म्हणायचे, 'न वाजणारा तंबोरा कोपऱ्यात नुसता उभा करून ठेवायचा नाही, पोरी.' त्यांना काय हवं होतं ते तिला स्वच्छ कळत होतं. पण आपल्याच पावलांनी जाऊन त्यांना संपवायचं?

तिने दाराबाहेरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "इथे कुणी येत नाही का हो?"

"येतात की. शेजारी, लांबचे नातेवाईक." मुजावरबाई खुर्च्यांकडेच पाहत होत्या. "मी यंत्र सुरक्षित केलं, ताई. पण अटीत ज्याचं नाव, ते जिवाभावाचं माणूस दारातूनच परत जाईल, हे मला तेव्हा सुचलंच नाही."

रेवतीने पिशवीतली अप्पांची शाल आत निघालेल्या नर्सबाईंच्या हातात दिली, डोळे पुसले आणि ती माघारी वळली. दारावरचा दिवा विझला.

अप्पांना भेटायला पुढे बरेच जण येत राहिले. त्यांच्यापैकी कुणाचंच नाव अप्पांनी लिहिलं नव्हतं.