ध्रुवाशेजारी

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलीचे बाप मांडववाल्याशी हुज्जत घालत असतात. प्रेमजीभाई मात्र परसात दुर्बीण लावून बसले होते. अंजारकडच्या त्या गावाला त्यांच्या या खुळाची सवय होती. ती झाली नव्हती फक्त त्यांच्या बहिणीला, हीरुफईला.

"उद्या वऱ्हाड दारात येईल, आणि हा नळीत डोळा घालून बसलाय," असं पुटपुटत फई स्वयंपाकघरात गेली.

शेजारी उभी असलेली त्यांची लेक झंखना हसली. कोपरापर्यंत ओली मेंदी, त्यामुळे तिला कशालाच हात लावता येत नव्हता. प्रेमजीभाईंनी तिला शनी दाखवला, मग गुरू, मग ध्रुव. उद्या फेरे झाले की लग्न लावणारे गोरमहाराज ध्रुव दाखवणारच. तो सगळ्याच नवऱ्या बघतात. पण ध्रुवाला अगदी खेटून एक फिकट तारा आहे, तो लेकीने सासरी जाण्याआधी पुन्हा एकदा बघावा, एवढीच त्यांची हौस होती.

"सरळ बघू नकोस हं."

"माहितेय, पप्पा. नजर जरा बाजूला ठेवायची. फिकं असतं ते कडेनंच दिसतं. सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

ती वाकून बघू लागली. प्रेमजीभाई तिची ओढणी सावरत उभे होते, नजर सहज कुंपणाच्या बाभळीकडे होती. आणि नजरेच्या कडेला त्यांना झंखनाच्या पलीकडे आणखी कुणीतरी दिसलं. डोक्यावर पदर घेतलेली, झंखनावर ओणवी झालेली एक बाई.

त्यांनी झटकन मान वळवली. झंखना एकटीच होती. पुन्हा बाभळीकडे पाहिलं, तर ती तिथेच. आता वासही आला, फुटलेल्या चुन्याचा आणि धुळीचा. चोवीस वर्षांपूर्वी भूकंपाच्या त्या सकाळी इथलं जुनं घर कोसळलं, तेव्हाचा वास. लोकांनी दगड उपसले तेव्हा प्रेमजीभाईंची बायको जसू अशीच सापडली होती, पाठीची कमान केलेली... आणि त्या कमानीखाली दहा महिन्यांची झंखना, जिवंत.

ही लेकीला न्यायला आलीय, दुसरं काही त्यांच्या मनात आलंच नाही.

"जसू," ते बाभळीकडे बघतच कुजबुजले, "सोड तिला... उद्या तिचं लग्न आहे. जा तू."

कडेची आकृती हळूहळू विरली. वासही गेला. प्रेमजीभाईंनी सुटकेचा श्वास टाकला.

झंखनाने दुर्बिणीवरून डोळा काढला. तिचा चेहरा उतरला होता.

"तिला का घालवलंत?"

"तुला... दिसली?"

"लहानपणापासून दिसते. तुम्हाला त्रास होईल म्हणून बोलले नाही. कोपऱ्यात उभी असते, ताठ, माझ्याकडे बघत." "पण अशी माझ्यावर वाकली कधीच नव्हती, पप्पा. आज का वाकली असेल?"

तेवढ्यात फईची हाक आली, "झंखना, ये गं, दोन घास भरवते." ती रंगलेले हात अंगापासून लांब धरून आत गेली.

त्यांनी बाभळीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, नजर तिरकी करून सगळं परस धुंडाळलं. कुणी नव्हतं. शेजारच्या गोठ्यात म्हैस दावं ओढत होती. जीव थाऱ्यावर यावा म्हणून त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. ध्रुव तरी जागचा हलत नाही.

तो थरथरत होता.

आपलाच धक्का लागला असेल, म्हणून त्यांनी हात मागे घेतले, श्वास रोखला आणि पुन्हा पाहिलं. थरथर वाढली होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. आत, नव्या घराच्या छताखाली, बायका कशालातरी हसत होत्या आणि हीरुफई झंखनाला घास भरवत होती.