कंसातलं

"माळीण झाडाला मिठी मारते आणि रडते," अक्षरानं खणखणीत आवाजात सांगितलं, आणि ती ताठ उभीच राहिली.

आसावरीनं तालीम थांबवली. बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या या हॉलमध्ये तिच्या मराठी वर्गाचं नाटक येत्या रविवारी होतं, आणि एकूण एक मूल संवादांबरोबर कंसातल्या सूचनाही म्हणत होतं. पात्रं कोणती, प्रसंग कुठे घडतो, संवाद म्हणजे काय, सूचना कशाला... सगळं तर तिनं फळ्यावर समजावलं होतं. मग हे आलं कुठून?

"माझ्याकडनं आलं ओ मॅडम." दारात एक जण हेल्मेट छातीशी धरून उभा होता. "मी अक्षराचा मामा, दयानंद. पोरांना मराठी बोलता येतंय, वाचता येत नाही. म्हणून मी सगळं वाचून, रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलो."

"सगळं? कंससुद्धा?"

"होय की. आमच्या निपाणीच्या शाळेत नाटक कधी नव्हतंच. स्वल्प चुकलं."

तो इतका ओशाळला होता की तिला धड रागावताही येईना. त्यातून आवाज असा, की मुलांनी तो ऐकत बसावं यात नवल नव्हतं.

"आता रोज येऊन निस्तरा," ती म्हणाली.

आणि तो खरंच रोज आला — ऑफिस सुटल्यावर हेब्बाळहून, गर्दीतून वाट काढत. "कंसातलं म्हणायचं नाही, करायचं," आसावरी मुलांना घोकून घोकून सांगायची. कुणी चुकलं की दयानंद ओठांवर बोट ठेवायचा, मग तिच्याकडे बघायचा. गुरुवारपर्यंत ते बघणं जरा जास्तच लांबायला लागलं...

इथेच तिची खरी धास्ती होती. एकटेपणाला कंटाळून तिनं पुण्याला बदली मागितली होती आणि ती नेमकी आता मिळाली होती. शुक्रवारी तिनं धीर करून त्याला सांगितलं, "सोमवारी कळवायचंय. काय करू?"

तो हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिला. "पुणं चांगलं आहे म्हणतात," एवढंच म्हणाला. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

रविवारी दोघं विंगेत उभे होते. पडद्याची दोरी त्याच्याकडे होती. स्टेजवर अक्षरा झाडाजवळ आली, थबकली... तिनं तोंड उघडलं. आसावरीनं डोळे गच्च मिटले. काहीच ऐकू येईना. भीत भीत बघितलं, तर अक्षरा पुठ्ठ्याच्या झाडाला बिलगून मुसमुसत होती.

दयानंदनं कोंडलेला श्वास सोडला. मग समोरच बघत, अगदी हळू म्हणाला, "दयानंद घाबरतो. तिनं जाऊ नये असं त्याला फार वाटतं. पण तो बोलत नाही."

"कंसातलं म्हणायचं नसतं, दयानंद," ती कशीबशी म्हणाली. "आठवडाभर काय शिकलात?"

मग अंधारात चाचपडत एक गार पडलेला, घामेजलेला हात आला — दोरी सोडून. तिनं तो घट्ट धरला.

"जात नाही मी," ती म्हणाली.

नाटक संपलं. टाळ्या झाल्या, मुलांनी वाकून नमस्कार केला, पुन्हा एकदा केला. शेवटी अक्षरानं विंगेकडे वळून बघितलं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कंसातलं मोठ्यानं म्हटलं.

"पडदा पडतो."

दोरीला कुणी हात लावला नाही.