पाठमोरा

तासगावच्या पेट्रोल पंपावर भर दुपारी माझा स्कार्फ सुटला, आणि मला वाटलं — संपलं सगळं!

स्कार्फ बांधणं ही आमच्याकडच्या मुलींना न शिकवता येणारी कला. दोन वेढे, मागे गाठ, बाहेर फक्त डोळे... की निघाली स्कूटी. मला ती येत नव्हती, कारण मी जन्मभर काचा वर केलेल्या गाडीतून फिरलेली. त्या दिवशी मावसबहिणीची, श्रद्धाची स्कूटी घेऊन मी सांगलीहून गुपचूप निघाले होते. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. थोडा वेळ कुणीच नसल्यासारखं फिरायचं, एवढंच.

"आवं, गाठ सुटली तुमची."

मागे क्रेटनी भरलेला टेम्पो होता. चालवणारा खाली उतरला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी, आणि रांगेतले सगळे टकामका बघताहेत. तो माझ्यासमोर आला आणि — चक्क पाठ फिरवून उभा राहिला. माझ्या आणि रांगेच्या मधोमध, हात कमरेवर ठेवून.

"बांधा निवांत. मी बघत न्हाई, आन् कुणाला बघूबी देत न्हाई."

मी बांधला. तो पुन्हा सुटला.

"झालं का?"

"नाही... जमत नाहीये."

"असू द्या. मला कुठं गाडी पकडायचीय?"

मागे हॉर्न वाजत होते आणि हा पठ्ठ्या ढिम्म! मला हसू आलं. कशीबशी गाठ मारून मी म्हटलं, "आम्ही आभारी आहोत."

तो वळला. सावळा, हसरा, कपाळावर द्राक्षबागेचं ऊन. "आमी? तुमी आन् कोण? स्कूटीवर तर एकट्याच दिसताय."

मी जीभ चावली. ही आमच्या घरची खोड. साताऱ्याकडे, मेढ्याच्या पलीकडच्या डोंगरात माणकगड नावाचं आमचं चिमुकलं संस्थान होतं. राज्य कधीच गेलं, पण 'आम्ही' म्हणायची सवय राहिली. आणि राहिली लोकांची नजर. शिवांजलीराजेंनी, म्हणजे मी, काय नेसलं, पदर डोक्यावर होता की खांद्यावर, सगळं मोबाईलवर. मागच्या वर्षी सांगलीत कॉफी पिताना कुणीतरी माझा जीन्समधला फोटो काढला, आणि 'गडाची अब्रू वेशीला टांगली' म्हणून आठवडाभर अनोळखी माणसं मला शिव्या घालत होती. आईसाहेब रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त माझं कपाट रिकामं केलं आणि त्यात स्वतःच्या पसंतीच्या साड्या लावून ठेवल्या. तेव्हापासून मी स्वतःसाठी काही निवडलं असेल, तर तो सांगलीच्या फुटपाथवरचा केशरी स्कार्फ.

मी त्याला नाव सांगितलं माया. त्याचं नाव प्रांजल. त्यांची बेदाण्याची शेड जवळच होती, तिथे त्याची आई होती. "या की, ताक पिऊन जावा," तो म्हणाला, आणि मी गेले.

ताक प्यायचं तर स्कार्फ काढायला हवा. मी भांडं हातात धरून नुसतीच बसले. त्याच्या ते लक्षात आलं. काही न विचारता तो पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसला. समोर जाळ्यांवर द्राक्षं सुकत होती, वाऱ्याला गोड-आंबट वास होता. मी स्कार्फ काढला, आणि किती दिवसांनी — तोंडावर मोकळा वारा, आणि बघणारं कुणी नाही.

मग मी जातच राहिले.

सांगलीत शिकायला म्हणून मावशीकडे राहत होते, त्यामुळे सबबी मिळायच्या. आमचं बोलणं सगळं असंच, तो माझ्याकडे पाठ करून. तो द्राक्षवेलींच्या उन्हाळी खरड छाटणीचं सांगायचा, मी खोटंनाटं काहीतरी. माझ्यासारख्या मुलीला खरं तर बघणाऱ्यांची काय कमी? पण त्या सगळ्यांत मी इतकी एकटी होते की न बघणारा एक माणूस मला पुरला. मानेवरचा तीळ, उजव्या खांद्यावर विटलेला शर्ट, हसला की हलणारे खांदे... त्याची पाठ मला पाठ झाली.

"तुमी दिसता तरी कशा?" एकदा त्याने विचारलं.

"भयंकर."

"वाटलंच. आवाजच लय गोड हाय, कायतरी खोट असणारच."

मी त्याच्या पाठीत बेदाणे फेकून मारले. आणि मग हसता हसताच मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. नाव, गड, कपाट, तो फोटो. "उद्या कुणी आपल्याला एकत्र पाहिलं तर तुमची आई, ही शेड, सगळं लोकांच्या मोबाईलवर येईल. आणि माझं इथलं येणंही बंद होईल."

त्याने मागे पडलेले बेदाणे न वळता, हाताने चाचपत गोळा केले.

"मग तर मी आजिबात वळणार न्हाई," तो म्हणाला. "तुमी 'वळा' म्हणाल, तवाच वळीन."

ते म्हणायचं धाडस मला झालं नाही. पावसाळा गेला आणि दसरा आला.

दसऱ्याला माणकगडावर उघड्या जीपमधून आमची स्वारी निघते, हे मी प्रांजलला सांगून ठेवलं होतं. आईसाहेबांनी जांभळी पैठणी काढून ठेवली होती. मी मात्र तासगावच्या बाजारातून आणलेली, हिरव्या बेदाण्याच्या रंगाची साधी इरकल नेसून बाहेर आले.

"हे काय नेसलात?"

"आम्ही..." मी थांबले. "मी निवडलंय, आईसाहेब."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी माझ्या निऱ्या नीट केल्या.

वेशीपाशी ही गर्दी! हलगी कडाडत होती, जिकडेतिकडे हात वर, हातात मोबाईल. आणि त्या शेकडो चेहऱ्यांत, चिंचेखाली, एक पाठ. मानेवर तीळ. द्राक्षांच्या गोडी छाटणीचे दिवस, बागेत श्वास घ्यायला फुरसत नसेल, तरी तो आला होता. आणि दिल्या शब्दाला जागून माझ्याकडे पाठ करून उभा होता.

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी बघावं म्हणून मी नटले होते, आणि नेमका तोच बघत नव्हता! असं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

जीप चिंचेजवळ आली. हाक मारावी तर शेकडो मोबाईल त्याच्याकडे वळतील. न मारावी तर... जीप पुढे निघून जाईल.

"वळा," मी म्हणाले. मग हलगीच्या वर ओरडून — "वळा!"

आमच्या चालकाने, ज्योतिबाकाकांनी, गडबडून ब्रेक दाबला. "कुठं वळू, सरकार? रस्ता सरळच हाय की!"

लोक हसले, आईसाहेबांनी कपाळाला हात लावला. आणि चिंचेखालची पाठ हळूच वळली.

त्याने मोबाईल काढला नाही. नुसतं पाहिलं... इरकल, पदर, आणि मग माझा चेहरा. मीही डोळे खाली घातले नाहीत. जीप हलली तेव्हा तो हसत होता आणि हाताने डोळे पुसत होता.

संध्याकाळपर्यंत तो प्रसंग सगळीकडे फिरला. 'राजकन्येनेच चालकाला रस्ता दाखवला!' हजारो लोकांनी माझ्या तोंडचा तो शब्द ऐकला, आणि कुणालाच तो कळला नाही.

फोन वाजला. प्रांजलचा निरोप: "फोटू काढला न्हाई."

"का?"

"बघायचं राहिलं असतं. कवा येताय?"

मी लिहिलं, 'आम्ही'. आणि पुसलं.

"मी येतेय," मी लिहिलं. "स्कार्फ न बांधता."