उजवा माड, उजवा तळहात

शनिवारी दुपारी उल्का शाळेतून घरी आली आणि फाटकातच थबकली. अंगणात ऊन फार होतं. रोज या वेळी विहिरीपासून ओटीपर्यंत झावळ्यांची सावली हलत असायची, आज तिथे लख्ख उजेड पडला होता. मग तिचं लक्ष विहिरीकडे गेलं. विहिरीजवळ दोन माड होते. डावीकडचा होता. उजवीकडचा नव्हता.

त्याच्या जागी गुडघ्याएवढा बुंधा उरला होता. खोडाचे सारखे तुकडे करून कुंपणाला नीट रचून ठेवले होते. कोवळी शहाळी बाजूला ढिगात पडली होती. आणि मध्ये उभं राहून झाडदूत आपलं पातं पुसत होतं.

झाडदूत हे हरितसाथी केंद्राचं यंत्र. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत अशी यंत्रं फिरायची, किडलेली झाडं काढायची, धोक्याच्या फांद्या छाटायची.

"नमस्कार," उल्काला पाहून ते म्हणालं. "काम पूर्ण झालं आहे. आपला दिवस चांगला जावो."

उल्काने हातातली पाण्याची बाटली त्याच्या पोटावर फेकून मारली.

"आपली बाटली खाली पडली आहे," झाडदूत म्हणालं.

"कुणी सांगितलं तुला हा माड तोडायला?"

"मालकांनी. श्री. सगुण गिरप."

"खोटं! काका कधीच असं सांगणार नाही! त्याच्या जन्माच्या वर्षी लावलेला माड होता तो. यंदा किती धरला होता, दिसत नाही तुला?"

"अर्जात माड फाटल्याचं लिहिलं होतं. मी तपासलं. खोडावर बावीस भेगा आढळल्या."

"त्या खाचा आहेत!" उल्का किंचाळली. "वर चढताना पाय ठेवायच्या खाचा! काकाने स्वतः पाडलेल्या!"

"नोंद घेतली," झाडदूत म्हणालं. "पुढचं काम चार वाजता, वरच्या वाडीत. श्रीमती येसूबाई गावडे यांचा डावा माड." आणि ते चाकं वळवून फाटकाबाहेर निघून गेलं.

सगुणकाका दवाखान्यातून परतला तेव्हा अडीच वाजले होते. उल्काचे आईबाबा नोकरीसाठी गोव्याला असायचे, आणि ती शाळेसाठी काकाकडे राहायची. काका माडावर चढून नारळ उतरवायचा. आठ दिवसांपूर्वी घसरताना त्याने खोडाला घट्ट मिठी मारली होती. त्यात उजव्या तळहाताची सालटी निघून तो पार फाटला होता. आज पट्टी बदलायला गेला होता.

काका बुंध्याशी उभा राहिला. डावा हात त्यावर ठेवला. मग तिथेच खाली बसला. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर उल्काला बरं वाटलं असतं. त्याचं ते गप्प बसणं पाहून तिच्या डोक्यात सणक गेली.

"काका, तू अर्ज केला होतास?"

"केललंय. पण ह्या नाय सांगलंय गो. हात बरो होईसर नारळ उतरवूक यंत्र धाडा, इतक्याच सांगलंय."

"शब्द न् शब्द आठव. काय बोललास?"

काकाने आठवून सांगितलं. अर्ज त्याने शाळेतल्यासारख्या मराठीत बोलून दिला होता. उल्काने ते वहीत लिहिलं: 'माझा उजवा तळहात फाटला आहे. तो आता काम देत नाही. नारळाचं काम अडलं आहे. यंत्र पाठवा.'

मग झाडदूताने पाठवलेली पावती तिने फोनवर उघडली. त्यात होतं: 'माझा उजवा माड फाटला आहे. तो आता काम देत नाही. नारळाचं काम अडलं आहे. यंत्र पाठवा.'

तिने दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवले. तळहात गेला कुठे आणि माड आला कुठून? कुणी मुद्दाम बदललं? पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर होता. उल्का अक्षर अक्षर लावत वाचू लागली आणि तिसऱ्याच शब्दापाशी अडकली. पाम.

चौथीच्या पुस्तकात हाताचं चित्र होतं, त्यावर बाण काढून तळहाताला 'पाम' लिहिलं होतं. आणि सहावीच्या पुस्तकात समुद्रकिनाऱ्याचं चित्र होतं, त्यातल्या झाडालाही 'पाम'च लिहिलं होतं.

"येसूआजी!" ती ओरडून उठली. "काका, येसूआजीचा हात भाजलाय ना?"

"होय तर. परवा पेज उतरताना. डावो हात. तिनापण यंत्र मागवल्यान."

तीन वाजून गेले होते. उल्काने केंद्राला फोन लावला. पलीकडे यंत्राचाच आवाज होता, गोड आणि गुळगुळीत.

"माझ्या काकाचा तळहात फाटला होता, माड नाही!" उल्का म्हणाली.

"आपल्या काकांचा माड फाटला होता, माड नाही. नोंद घेतली. धन्यवाद."

"माड नाही हो! तळहात! तळहात!"

"माड नाही. माड, माड. नोंद घेतली."

फोन विहिरीत फेकून द्यावा असं तिला वाटलं. रागाने तिचे कान तापले होते. पण विहिरीकडे जाताजाताच तिच्या मनात आलं, हा शब्द यांच्याकडे जाऊन झाडच होतोय. मग तो शब्द द्यायचाच नाही. त्याच्या भोवतीचे शब्द द्यायचे.

तिने पुन्हा फोन लावला आणि एकेक शब्द दाबून म्हणाली, "माणसाला दुखापत झाली. पाच बोटांच्या खाली. मनगटाच्या वर. रक्त आलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली. येसूबाई गावडे यांनाही तसंच, पेजेचं भांडं उतरताना भाजलं. झाडाला बोटं नसतात!"

पलीकडून तोच गुळगुळीत आवाज आला, "आपण हाताच्या दुखापतीबद्दल बोलत आहात का? आपला फोन व्यक्तीकडे जोडत आहे."

"हॅलो, मी नलिनी केळुसकर," एक दमलेला, पण खराखुरा आवाज आला. उल्काने एका श्वासात सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "किती वाजता म्हणालीस?" "चार!" "मी थांबवते. तू तिथे जा, मला सांग थांबलं का." उल्का सायकलवर टांग टाकून वरच्या वाडीकडे सुटली.

ती पोचली तेव्हा येसूआजी माडाला पाठ लावून उभी होती. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, उजव्या हातात झाडू. "पुढे ये, बघतंय तुका!" ती झाडदूताला दरडावत होती. झाडदूत म्हणत होतं, "कृपया सुरक्षित अंतरावर उभ्या राहा." पातं तिच्या डोक्यावर दोन हात उंच होतं. मग ते गरगरायचं थांबलं, दुमडलं आणि यंत्राचे दिवे विझले.

"थांबलं," उल्का फोनमध्ये म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. "पण आमचा तोडला ना! आमचा तोडलाच ना तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. नलिनी केळुसकर स्वतः उल्काच्या गावी, केरवाडीत आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. आधी त्या बुंध्यापाशी गेल्या, मग काकासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"यंत्राला भाषा शिकवणाऱ्यांत मी आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझ्याही कामातली आहे."

"बसा," काका इतकंच म्हणाला.

उल्का बसली नाही. "आमच्याकडे दोन शब्द होते," ती म्हणाली. "माड वेगळा, तळहात वेगळा. काकाने बरोबर शब्द वापरला. तुम्ही दोन शब्दांचा एक का केला?"

डॉ. केळुसकरांनी चष्मा काढला. "फार नेमकं विचारलंस. ऐक. आमच्या केंद्रात दहा भाषांतून अर्ज येतात. प्रत्येक भाषेतून प्रत्येक भाषेत थेट जायचं, तर भाषांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. पंचेचाळीस रस्ते बांधायचे. त्यापेक्षा सगळे रस्ते एका चौकात आणले की काम सोपं. आमचा चौक इंग्रजी. अशा मधल्या भाषेला आम्ही मध्यस्थ भाषा (जिच्यातून भाषांतर पुढे जातं ती) म्हणतो. मराठी अर्ज इंग्रजीत जातो, तिथे साठवला जातो, आणि यंत्र तो परत मराठीत आणतं."

"आणि चौकात दोघांचे कपडे सारखे झाले."

"झाले. आत जाताना माड आणि तळहात वेगळे होते. इंग्रजीत दोघंही पाम. बाहेर येताना यंत्राला ओळखायचं होतं, यातला कोण कुठला."

"मग ओळखलं का नाही?"

"तू 'कर' शब्द घे. 'दिवा बंद कर.' 'घराचा कर भरायचा राहिला.' 'ती कर जोडून उभी राहिली.' तिन्हीकडे अर्थ वेगळा. तुला कसा कळतो?"

उल्काने विचार केला. रागात असूनही तिला विचार करावाच लागला. "शेजारच्या शब्दांवरून. दिवा असला की करायचं, भरायचा असला की सरकारचा, जोडून असलं की हात."

"त्याला संदर्भ (शब्दाच्या आजूबाजूचे शब्द आणि प्रसंग) म्हणतात. यंत्रही तेच करतं. त्याने लाखो वाक्यं वाचलेली असतात. कोणत्या अर्थाजवळ कोणते शब्द सापडतात, हे त्याने मोजून ठेवलेलं असतं. आता काकांच्या अर्जात पामचे शेजारी कोण होते? फाटला, काम देत नाही, नारळ, यंत्र. बोट नाही, रक्त नाही, पट्टी नाही. त्यात अर्ज आलेला झाडांच्या केंद्राकडे. यंत्राने झाडाच्या बाजूने कौल दिला. काल तू बोटं, मनगट, रक्त सांगितलंस आणि कौल फिरला. तू संदर्भ दिलास."

काका इतका वेळ ऐकत होता. "पण इंग्रजांनी हाताक आणि झाडाक एकच नाव कित्याक दिलां?"

"त्यांनी नाही, त्यांच्याही आधी लॅटिन बोलणाऱ्यांनी. त्यांच्याकडे तळहाताला पाल्मा म्हणायचे. मग झाडाचं पान त्यांना पसरलेल्या पंजासारखं दिसलं, म्हणून झाडही पाल्मा."

"झावळ काय हातासारखी दिसतां? ती तर पिसासारखी!"

"माडाची पिसासारखी. ताडाचं पान आठवा."

काकाने डाव्या हाताची बोटं फाकवून बघितली आणि नाइलाजाने मान डोलावली.

"पुढे शब्द आणखी पसरला," डॉ. केळुसकर म्हणाल्या. "जिंकणाऱ्याला त्या झाडाची फांदी द्यायचे, म्हणून पाम म्हणजे विजय. तळहाताच्या रुंदीने लांबी मोजायचे, म्हणून पाम म्हणजे माप. जादूगार नाणं तळहातात लपवतो, त्यालाही पामच. असा एकाहून जास्त अर्थ निघणारा शब्द संदिग्ध असतो. तो वाईट नसतो. सगळ्या भाषांत असे शब्द असतात."

"यंत्राला किती खात्री होती?" उल्काने मध्येच विचारलं.

डॉ. केळुसकरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मी काल बघितलं. झाडाला शंभरांतले अठ्ठावन्न. हाताला बेचाळीस."

उल्का पुन्हा पेटली. "म्हणजे त्याला माहीतच नव्हतं! अठ्ठावन्नवर तुम्ही गणिताच्या पेपरात सुद्धा शाबासकी देत नाही! आणि पातं चालवलं? विचारायचं ना काकाला! एक प्रश्न! नुसता एक!"

"हो," डॉ. केळुसकर म्हणाल्या. "दोन अर्थांमुळे माड गेला नाही. आम्ही यंत्राला शंका बोलून दाखवायला शिकवलं नाही, म्हणून गेला. प्रश्न विचारला की काम मंदावतं, असं आम्हाला वाटायचं."

"माड परत येईल?"

"नाही."

उल्काला हे उत्तर आवडलं नाही, पण ते खरं होतं, म्हणून ती अखेर खाली बसली.

त्यानंतर एक महिना ती डॉ. केळुसकरांशी दर रविवारी फोनवर भांडली. मूळ मराठी अर्ज फेकायचा नाही, इंग्रजीसोबत पुढे पाठवायचा, हे तिने मान्य करून घेतलं. दोन अर्थांत थोडीशीही चुरस असली तर यंत्राने थांबून विचारायचं, हे डॉ. केळुसकरांनी स्वतःच ठरवलं होतं. आणि जे पुन्हा जोडता येत नाही, ते माणसाच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय कापायचं नाही, हे काकाने सुचवलं. काकाला नारळ उतरवणारं यंत्रही मिळालं. तो त्याच्याशी बोलत नसे.

गणपतीच्या आधी वाडीतल्या एका माडाला कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा लागला. झाडदूत पुन्हा केरवाडीत आलं. रस्त्यात उल्का दिसताच ते थांबलं.

"नमस्कार. मला एक शंका आहे," ते म्हणालं.

उल्काने हाताची घडी घातली. "बोल."

"आज एका आजोबांनी अर्ज बोलून दिला. त्यात 'माका व्हया' असे शब्द आहेत. ते माझ्याकडे नाहीत. मला अर्थ कळलेला नाही."

"परत म्हण."

"मला अर्थ कळलेला नाही."

उल्का त्याच्याकडे बघत राहिली. राग अजून होता. तो इतक्यात जाणार नव्हता, आणि तिला घालवायचाही नव्हता. तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि दगडावर बसली.

"मालवणी आहे ती," ती म्हणाली. "माका म्हणजे मला. व्हया म्हणजे हवं. आता सगळा अर्ज वाच, पहिल्यापासून. आणि सावकाश."