लंकाबाईच्या शनिवारच्या बातम्या

ओतूरच्या कॉलेजात दर शनिवारी साडेदहाला सगळ्या वर्गांतले पंखे बंद होत. पंख्यांच्या खडखडाटात बातम्या नीट ऐकू येत नाहीत, असं मराठीच्या चांगदेव डुंबरे सरांचं म्हणणं होतं, आणि सरांचं म्हणणं मोडायची प्राचार्यांचीही छाती नव्हती. पोर्चमधला कर्णा आणि लिंबावरचा कर्णा एकदम खरखरत, पोरं वह्या मिटत, आणि आवाज येई, "नमस्कार. सप्ताहवार्ता. वाचत आहे आरती केंगले."

मग आठवड्याच्या घडामोडी. कबड्डीचा संघ कुठं जिंकला, पिंपळवंडीच्या शिबिरात बांधलेल्या बंधाऱ्यात बांधणारेच दोघं कसे पडले, वाचनालयात कोणती पुस्तकं आली. शेवटी आगामी कार्यक्रम. सगळा मामला आठ-दहा मिनिटांचा. पण असं पुण्याच्या मोठमोठ्या कॉलेजांतसुद्धा नाही, हे डुंबरे सर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, आणि ऐकणारा बिचारा चहा संपून सुटका होईपर्यंत मान डोलवत बसे.

साल सत्त्याण्णव. आरती तळेघरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीची. नाचणी-भाताचा मुलूख, एस.टी. क्वचित, ती चुकली की आपले पाय. ओतूरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली म्हणून ती घरापासून इतकी लांब आली होती. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला तिनं "पाणी गरम व्हतं" म्हटलं तर अख्खी बॅच खिदळली. तेव्हापासून ती रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची, अग्रलेखापासून विहिरींच्या टेंडरपर्यंत. बाहेर बादल्या घेऊन ताटकळणाऱ्या पोरी शिव्या घालायच्या. वर्षभरात 'व्हतं' गेलं, 'न्हाई' गेलं, आणि घशातून असा स्वच्छ, ठाशीव आवाज निघायला लागला की तिचा तिलाच तो परका वाटावा.

डुंबरे सरांनी आवाजाची चाचणी घेतली तेव्हा पिंपळवंडीची तेजस्विनी काकडेसुद्धा मागं पडली, आणि तिच्या घरी तर रंगीत टीव्ही होता. तेजस्विनी आरतीच्याच खोलीत राहायची. तिनं थोडे दिवस फुगून काढले, मग आपणहूनच आरतीच्या केसांना तेल लावून दिलं. झालं, मैत्री जमली.

आरतीला आपल्या आवाजाचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता. कष्टानं कमावलेली चीज होती ती. एकच गोष्ट राहिली होती. तिच्या आईनं, लंकाबाईनं, तो आवाज ऐकला नव्हता. लंकाबाई मंचरच्या पुढं कधी आलीच नव्हती. एकदा आईला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवायचं आणि तिच्यासमोर बोलायचं, मग बाकी काही मिळालं नाही तरी चालेल, असं आरती तेजस्विनीला म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली. पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं विचारलं, "त्या बंधाऱ्यात पडलेल्या पोरांला काय लागलंबिगलं न्हाई ना?"

आरती हसली. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. शनवारी."

"आये, मी वतूरला व्हते."

"मग? तिथनंच बोलत व्हतीस. ऐकलं की मी." लंकाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "कालेजात कम्पूटर आला म्हनं. त्याच्या खोलीत चपला काढून जायाचं. खरं का गं?"

खरं होतं. मागच्याच शनिवारी आरतीनं ती सूचना वाचली होती.

आरती शास्त्र शाखेची. कर्ण्याचा आवाज, वारा धरून असला, तर फार तर ओतूरच्या एस.टी. स्टँडपर्यंत जायचा. तिथून तळेघरपर्यंत दोन खोरी, धरणाचं पाणी आणि डोंगरामागं डोंगर. घरात रेडिओ नव्हता. शेजारच्या प्रयागबाईकडं होता, पण त्यात सेल नव्हते, आणि असते तरी त्यावर कॉलेजच्या चपला कोण सांगणार? आश्रमशाळेतला एखादा मास्तर ओतूरकडचा असेल, त्याच्याकडून कळलं असेल, आणि आईला लेकीची फिरकी घ्यायची लहर आली असेल, असं तिनं ठरवून टाकलं. परत आल्यावर तिनं डुंबरे सरांना ही गंमत सांगितली तर सर खुर्चीतून उठलेच. "तळेघरपर्यंत आपली सप्ताहवार्ता! विद्यापीठाला कळवलं पाहिजे."

पण आरतीच्या डोक्यातून ते जाईना. एका शनिवारी वाचता वाचता तिनं कागदावर नसलेली बातमी मध्येच घातली. वसतिगृहाच्या कोठीघरात मांजर व्यायली असून तिचं एक पिल्लू पांढरं आहे. सर रागावले, पोरं पोट धरून हसली.

पुढच्या बाजाराला वाडीचा कुशाबा हिरडा विकायला ओतूरला आला. लंकाबाईची तांदळाची पिशवी तोच वसतिगृहावर पोचवायचा. पिशवी हातात देऊन तो म्हणाला, "आयनं सांगितलंय, पांढरं पिल्लू आशक्त आसतं. त्याला येगळं दूध घालत जा."

तेजस्विनी शेजारीच उभी होती. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

आरती घाबरली का? मुळीच नाही. तिचा ऊर भरून आला. कसं का असेना, आई ऐकत होती. त्या दिवसापासून ती आईसाठी वाचायला लागली. शब्द जरा सावकाश, नावं अगदी स्पष्ट, आणि शेवटच्या वाक्यानंतर थोडं थांबून मगच माईक बंद. सगळ्यांच्या लक्षात आलं. प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा साडेदहाला कप खाली ठेवले जाऊ लागले. कॉलेजचं नाव काढणार ही पोरगी, असं प्राचार्य म्हणाले, आणि प्राचार्य सहसा कुणाला काही म्हणत नसत.

मग तिला ताप आला आणि घसा पार बसला. त्या शनिवारी तेजस्विनीनं वाचलं. 'स्नेहसंमेलन' शब्दावर ती अडखळली, आणि कबड्डीचा निकाल तर तिनं उलटाच वाचला, हरलेल्यांना जिंकवून टाकलं. आरती खोलीत पांघरूण घेऊन ऐकत होती. आज आईला चुकल्याचुकल्यासारखं होईल, एवढंच तिच्या मनात आलं.

बाजाराच्या दिवशी कुशाबा आला तो हसतच. "आय लई खूस हाय तुजी. म्हनली, परवासारखं ग्वाड तू कवाच बोलली न्हाईस."

"परवा मी वाचलंच नाही, कुशाबातात्या. माझा घसा बसला होता."

कुशाबानं तिच्याकडं निरखून पाहिलं. "आसं कसं? मी बी व्हतो की खळ्यावर. आमी समद्यांनी ऐकलं. नाव सांगितलंस की सुरवातीला." मग तो उगीचच पिशवीची गाठ तपासत राहिला, आणि चहाही न घेता गेला.

ही गोष्ट आरतीनं तेजस्विनीलाही सांगितली नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. तिला वाईट वाटलं होतं. आजवरचं सगळ्यात गोड, आणि ते तिचं नव्हतंच.

डिसेंबरात स्नेहसंमेलन ठरलं. विद्यापीठातून मोठे पाहुणे येणार होते आणि सूत्रसंचालन आरतीकडं होतं. पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिनं सरांकडून मागून घेतली आणि कुशाबाबरोबर आईला बोलावणं धाडलं. उलटा निरोप आला. "येवड्या लांब कशाला? हितं येतंय की ऐकू."

आरती हट्टाला पेटली. आईला घेऊनच यायचं म्हणून ती शुक्रवारी स्वतः निघाली. त्या आठवड्यात सप्ताहवार्ता नव्हतीच. अँप्लिफायर दुरुस्तीला आळेफाट्याला गेला होता आणि दोन्ही कर्णे मुके होते. बरंच झालं, असं तिला वाटलं. शनिवारी आईला काही ऐकू येणार नाही, आई हिरमुसेल, आणि मग म्हणता येईल, चल, आता खरंखुरं ऐक.

ओतूर, नारायणगाव, मंचर, मग भीमाशंकरची गाडी. तळेघरला उतरून ती वाडीवर पोचली तेव्हा दिवस मावळत होता. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली, पाठीवरून हात फिरवला. सगळं मायेनंच. पण जेवताना तिनं विचारलं, "कवा निघणार?" आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

प्रयागबाई बसायला आली. आरतीच्या समोर मांडी घालून ती तिलाच सांगायला लागली, "आमची आरती काय बोलती म्हनून सांगू! एक शबूद चुकत न्हाई. उभ्या तळेघरात आसं पोर न्हाई."

म्हातारी चेष्टा करतेय असं समजून आरती लाजली, हसली. प्रयागबाई हसली नाही. ती लंकाबाईकडं बघत कौतुकानं मान हलवत होती.

शनिवारी सकाळी नाचणी झोडायला वाडीच्या सगळ्या बाया खळ्यावर जमल्या. आरतीनंही काठी घेतली. ऊन चढलं. काठ्या लयीत पडत होत्या, तांबूस धूळ उडत होती. काठी धरायची विसरलीस म्हणून कुणीतरी तिला चिडवलं, तिनंही उलट ऐकवलं. मनात ती वाक्यं जुळवत होती. आये, खुर्ची धरलीय तुझ्यासाठी. पार पुढं.

काठ्या थांबल्या.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकीची काठी वर गेलेली होती, ती तिनं अलगद खाली घेतली. बायांनी पदर कानांमागं सारले. आरतीची काठी तेवढी एकटीच पडली, आणि तिचा आवाज फार मोठा वाटला.

ओतूर उगवतीला होतं. त्या सगळ्या मावळतीकडं, रानाकडं तोंड करून उभ्या होत्या.

आरतीनं कान दिला. वारा होता. खाली कुठंतरी कोंबडा आरवला. बाकी काहीच नव्हतं.

"आये," ती म्हणाली, "आज काय न्हाई. मशीन बंद हाय."

लंकाबाईनं वळून पाहिलं नाही.

"आये, मी हितं हाय."

"गप गं. आरती बोलतीय."

बाया एकदम हसल्या, एकाच क्षणी, विनोद झाल्यावर वर्ग हसतो तशा. प्रयागबाईनं शेजारणीला कोपर मारलं. मग पुन्हा सगळ्या गप्प झाल्या.

आरती काठी टाकून आईच्या शेजारी गेली. ती ताठ उभी राहिली, घसा साफ केला, आणि ओतूरला काढायची तोच आवाज काढला. "नमस्कार. सप्ताहवार्ता. वाचत आहे आरती..."

एकीनं कपाळाला आठ्या घातल्या. लंकाबाईनं मान न वळवता हात बाजूला केला आणि आरतीचं तोंड दाबलं. रागानं नव्हे, रडतं पोर गप्प करावं तसं. हाताला नाचणीचा वास होता.

तोंडावरच्या त्या हाताआडून आरती आईचा चेहरा बघत राहिली. डोळे भरलेले, हनुवटी वर, ओठ किंचित हलताहेत. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तिनं मनात जो चेहरा बसवला होता, तो हाच.

मग पदर पुढं आले. काठ्या उचलल्या गेल्या. तोंडावरचा हात निघाला.

"काय म्हनली?" आरतीनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"फुडल्या शनवारी घरी येतीय." लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले. "येनारे कार्यक्रम सांगती ना, त्यात समद्यात शेवटी सांगितलं. आता हितंच ऱ्हानार म्हनं."

तिनं आरतीकडं पाहिलं. वाटेवर पाणी प्यायला थांबलेल्या परक्या पोरीकडं बघावं, तितक्याच मायेनं. आणि तिला वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली घेऊन म्हणाली,

"तवर तू गेली आसशील न्हवं, बाय? घर ल्हान हाय."